दुसरी मागणी



स्मृतिव्याख्यानाला रहस्यकथेचा विषय काहींना हलका वाटेल. मला तो तसा वाटत नाही, आणि संयोजकांनाही वाटला नाही याचा आनंद आहे. आपल्या बारामती-इंदापूर भागात पुष्कळांना वाचनाची गोडी रहस्यकथांनी लावली. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तकं लिहिली. गुरुनाथ नाईकांनीही हजाराचा आकडा ओलांडला. नंतर सुहास शिरवळकर आले. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवरून, गावच्या वाचनालयातून ही पुस्तकं घरोघर गेली, पाठ्यपुस्तकाच्या आत लपवून वाचली गेली. त्या वाचकाला न्यायाची पहिली कल्पना कुठून मिळाली? नागरिकशास्त्राच्या धड्यातून थोडी मिळाली असेल. झुंजार आणि काळापहाडाकडून जास्त मिळाली. हे दोघेही कायद्याच्या चौकटीबाहेर राहून दुष्टांना धडा शिकवणारे. म्हणजे कायद्याचा हात प्रत्येक ठिकाणी पोचत नाही, ही गोष्ट त्या वाचकाला आधीच ठाऊक होती.

आज मी एकाच पात्राबद्दल बोलणार आहे. गणवेश घातलेला खलनायक. ज्याच्या हाती कायदा दिला आहे आणि जो तो विकतो, तो माणूस. माझा प्रश्न साधा आहे. रहस्यकथेत, थरारपटात हा माणूस शेवटी मरतो किंवा तुरुंगात जातो. त्याला कोण पाडतं?

नायक पाडतो, असं आपल्याला वाटतं. नीट पाहिलं तर बहुतेक वेळा नायक तिथे फक्त हजर असतो. पाडतो तो त्याचा त्यालाच. आणि इथे एक बारकावा आहे, तोच आजच्या व्याख्यानाचा गाभा समजा. तो लाच घेतल्यामुळे पडत नाही. लाच तो वर्षानुवर्षं घेत असतो आणि सुखात असतो. तो पडतो ते ठरल्यापेक्षा जास्त मागितल्यामुळे. पहिल्या मागणीनं त्याला साथीदार मिळतो. दुसऱ्या मागणीनं शत्रू मिळतो.

हे पुस्तकातून समजून घेण्याआधी आपल्या नदीकाठावर समजून घेऊ. कुठल्या ठाण्यावर किंवा कुठल्या कचेरीवर मला आरोप करायचा नाही; महाराष्ट्रातल्या कुठल्याही नदीकाठी हे लागू पडेल. उजनीचं धरण झालं आणि भीमेचं पाणी इंदापूर, करमाळा, दौंडच्या गावांवर पसरलं. त्या पाण्याखाली वाळू आहे. सक्शन पंपाच्या बोटी रात्री ती वाळू ओढतात. महसूल आणि पोलिसांची पथकं येतात, जिलेटिन लावून बोटी उडवतात, वर्तमानपत्रात फोटो येतो, आणि काही दिवसांनी नवी बोट पाण्यात उतरते. बेकायदा उपशाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंडाची तरतूद जमीन महसूल संहितेच्या ४८व्या कलमात आहे. २०२३ साली सरकारनं ब्रासला ६०० रुपये दरानं वाळू देण्याचं धोरण जाहीर केलं. तरी रात्रीच्या गाड्या थांबल्या का? तुम्ही नदीकाठची माणसं आहात, उत्तर माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक आहे.

आता अशा गाडीच्या मालकाचा हिशेब मनात मांडून पाहा. डिझेल, ड्रायव्हर, भराई, टायर, बँकेचा हप्ता, आणि रस्त्याचा खर्च. हा शेवटचा रकाना कुणी कागदावर लिहीत नाही, पण डोक्यात तो पक्का असतो. आकडा ठरलेला आहे तोवर गाडीमालक तक्रार करत नाही. ती त्याच्या धंद्यातली एक किंमत आहे, आणि गुन्ह्यात तोही सामील आहे. दोघांनाही लपवायचं असतं, म्हणून दोघंही एकमेकांना सांभाळतात. बेकायदा धंद्यालाही एक शिस्त असते, ती या ठरलेल्या आकड्याची. मग एक दिवस निरोप येतो की आता दुप्पट. का? साहेबांचं बांधकाम निघालं आहे, किंवा बदलीसाठी वर द्यायचे आहेत, किंवा काहीच कारण नाही, फक्त मागितलं तर मिळतं हे एव्हाना कळलं आहे. त्या रात्री गाडीमालक जेवताना पुन्हा हिशेब मांडतो आणि पहिल्यांदाच त्याला जमत नाही. कालपर्यंत तो भागीदार होता. आज तो तक्रारदार झाला.

रहस्यकथा इथे सुरू होते. जगातल्या कुठल्याही भाषेतली घ्या.

२००१ सालचा अमेरिकन चित्रपट ‘ट्रेनिंग डे’ घ्या. त्यातल्या भूमिकेसाठी डेन्झेल वॉशिंग्टनला ऑस्कर मिळालं. अलोन्झो हॅरिस हा लॉस एंजेलिसच्या अमली पदार्थविरोधी पथकातला अधिकारी. सगळी वस्ती त्याला घाबरते, दुकानदार त्याला सलाम करतात, गुंड त्याच्याशी अदबीनं बोलतात. चित्रपटाचा सगळा काळ एका दिवसाचा आहे, आणि तो दिवस सुरू होण्याआधीच अलोन्झो बुडालेला आहे, हे आपल्याला उशिरा कळतं. लास व्हेगासमध्ये त्याच्या हातून एक रशियन मारला गेला आहे, आणि मध्यरात्रीपर्यंत दहा लाख डॉलर पोचवले नाहीत तर त्याचा खून होणार आहे. पैसे कुठून आणायचे? त्याचा एक जुना मित्र आहे, निवृत्त अमली पदार्थ विक्रेता. अलोन्झो त्याच्याकडे बसून दारू पितो, गप्पा मारतो. संध्याकाळी त्याच मित्राच्या स्वयंपाकघराची फरशी फोडून चाळीस लाख डॉलर काढतो आणि मित्राला गोळी घालतो.

गरज दहा लाखांची होती. फरशीखाली चाळीस लाख निघाले.   या पैशांतून साथीदारांना वाटा देऊन सगळ्यांना गुन्ह्यात ओढायचं, हा त्याचा डाव. सोबतचा नवशिका अधिकारी जेक एकटा पैसे घ्यायला नकार देतो. मग जेकला संपवायला अलोन्झो त्याला गुंडांच्या घरी सोडून जातो. तिथे जेक वाचतो, कारण सकाळी त्यानं रस्त्यावर एका मुलीला अत्याचारातून सोडवलं होतं आणि ती त्या गुंडाची नात्यातली बहीण लागत होती. शेवटी अलोन्झो स्वतःच्या वस्तीत जखमी उभा राहतो आणि भोवतीच्या माणसांना हुकूम सोडतो. कुणी हलत नाही. ज्या वस्तीला त्यानं इतकी वर्षं पिळलं, तिच्यातला एकही माणूस त्याच्यासाठी पुढे येत नाही. जेक त्याच्याकडचे पैसे घेऊन जातो, आणि रशियन त्याला चौकात गाठतात.

ही नुसती कल्पना वाटत असेल तर त्याच शहराच्या पोलीस दलाची खरी गोष्ट ऐका. रॅम्पार्ट विभागाचं प्रकरण म्हणून ती ओळखली जाते. १९९७च्या नोव्हेंबरमध्ये डेव्हिड मॅक नावाच्या पोलीस अधिकाऱ्यानं बँक लुटली, सात लाख बावीस हजार डॉलर नेले आणि दोनच दिवसांत मित्रांसह लास व्हेगासला जाऊन चैन केली. त्यातला एक मित्र राफाएल पेरेझ, तोही पोलीस. त्यानं १९९८ साली पोलिसांच्याच मुद्देमालातून सहा पौंड कोकेन दुसऱ्याच्या नावानं सही करून काढून नेलं. मुद्देमाल! ज्याची नोंद असते, वजन असतं, सही असते, आणि जो आज ना उद्या कुणीतरी मोजणारच असतो. तिथे हात घालण्याइतका हा माणूस कसा आंधळा झाला? कारण त्याआधी रस्त्यावर घातलेला हात कुणी मोजला नव्हता. वर्षानुवर्षं कुणी विचारलं नाही की माणसाला वाटतं, विचारणारा कुणी उरलाच नाही. सापडल्यावर पेरेझनं तोंड उघडलं आणि दलातली कितीतरी माणसं उघडी पडली.

म्हणजे लोभी माणसाचा अंत एकट्याचा होत नाही. त्याचे साथीदार त्याच्याबद्दल सगळं जाणून असतात, आणि वाटणीत आपल्याला कमी आलं हे प्रत्येकाच्या मनात असतं. आपल्याकडे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाची, म्हणजे एसीबीची प्रसिद्धिपत्रकं वाचली तर ‘खासगी इसम’ हे दोन शब्द वारंवार दिसतात. साहेब स्वतः पैसे घेत नाहीत. चहावाला घेतो, झेरॉक्सवाला घेतो, कुणी ओळखीचा घेतो. साहेबांना वाटतं, मधे माणूस ठेवला म्हणजे आपण सुरक्षित. कथाकाराला विचाराल तर तो सांगेल की कथानकातली सगळ्यांत कच्ची जागा हीच. हा मधला माणूस बारा महिने दुसऱ्याचे पैसे मोजतो. एक दिवस तो स्वतःचा हिशेब मांडायला बसतो.

आता घराजवळ येऊ. श्रीराम राघवन यांचा ‘अंधाधुन’ हा २०१८ सालचा चित्रपट पुण्यात घडतो. त्यातला मनोहर हा पोलीस इन्स्पेक्टर. प्रेमप्रकरण उघडकीला येतं, खून होतो, आणि खुनाचा तपास ज्या खात्याकडे त्याच खात्यात खुनी बसलेला. पुढे त्याच्या प्रेयसीला ओलीस धरून त्याच्याकडे एक कोटी मागितले जातात. मनोहर पैशाची बॅग घेऊन येतो आणि लिफ्टमध्ये अडकून स्वतःच्याच पिस्तुलाच्या गोळीनं मरतो. बॅगेतले पैसे खोटे निघतात. जिच्यासाठी त्यानं खून केला, तिच्या सुटकेसाठीही त्यानं खऱ्या नोटा आणल्या नाहीत. लोभ फक्त घेण्यात असतो असं आपण समजतो. तो न सुटण्यातही असतो, हे त्या एका बॅगेनं सांगून टाकलं.

पण मला सर्वांत खोल वाटतो तो ‘दृश्यम’मधला गायतोंडे. मूळ मल्याळम चित्रपट २०१३चा, जीतू जोसेफ यांचा. हिंदीत २०१५ साली तो आपल्या निशिकांत कामत यांनी गोव्यात आणून बसवला, आणि कमलेश सावंत यांनी गायतोंडे उभा केला. तुम्ही सगळ्यांनी तो पाहिलेला असणार. विजय साळगावकरच्या घरात एक मुलगा मारला जातो, विजय त्याची पिवळी गाडी नेऊन बुडवतो. त्या गाडीत विजयला बसलेलं कुणी पाहिलं? एकट्या गायतोंडेनं. संपूर्ण चित्रपटात खरी साक्ष फक्त या माणसाकडे आहे. तो खोटं बोलत नाही, बनाव करत नाही. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच तो पोलिसाचं खरं काम करतो आहे. आणि गाव त्याच्यावर विश्वास ठेवत नाही!

का ठेवत नाही? हॉटेलात फुकट खाणारा, गरिबाला दमात घेणारा हा माणूस गावानं रोज पाहिलेला आहे. विजयशी त्याचं वाकडं आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. तो विजयचं नाव घेतो तेव्हा गाव म्हणतं, सूड उगवतोय. मग कबुली मिळवायला तो विजयच्या घरच्यांना मारतो, लहान मुलीवरही हात टाकतो. मुलाचं प्रेत सापडेल म्हणून खड्डा खणतात तर आत जनावराचं मढं निघतं, आणि लोक त्याच्यावर धावून जातात.

श्रोतेहो, इथे थोडं थांबू या. आपण सगळे त्या चित्रपटात विजयच्या बाजूनं असतो, म्हणून गायतोंडे मार खातो तेव्हा थिएटरात टाळ्या पडतात. मीही टाळ्या वाजवल्या असतील. पण त्या टाळ्यांत काय बुडालं, याचा विचार करू या. एका मुलाचा खून झाला होता आणि त्याची साक्ष होती. ती साक्ष मेली, कारण साक्षीदारानं आपला शब्द शंभर-दोनशे रुपयांना रोज विकून संपवला होता. भ्रष्ट पोलिसाचं नुकसान मोजताना आपण खाल्लेले पैसे मोजतो. त्या पैशांपेक्षा मोठं नुकसान हे आहे. तो खरं बोलेल त्या दिवशीही त्याचं ऐकायला कुणी नसतं. उद्या आपल्या घरी चोरी झाली, आपली मुलगी वेळेवर घरी आली नाही, आणि ठाण्यातला माणूस मनापासून मदत करू लागला, तर त्याच्यावर विश्वास ठेवायला आपण धजू का? आणि जे प्रामाणिक शिपाई, हवालदार, फौजदार आहेत, वारीच्या बंदोबस्तात इंदापूरच्या रिंगणाला पावसात उभे राहतात, त्यांच्याही शब्दाची किंमत हा एक गायतोंडे उतरवतो. मला याचा राग येतो, आणि तो राग मी लपवणार नाही.

लोभ पैशाचाच असतो का? ऑर्सन वेल्सचा १९५८ सालचा ‘टच ऑफ ईव्हिल’ थोडक्यात सांगतो. सरहद्दीवरच्या गावातला पोलीस कॅप्टन क्विनलन. तीस वर्षांच्या नोकरीत त्यानं पैसा केला नाही. त्याला भूक आहे ती आपला अंदाज कधीच चुकत नाही या कीर्तीची. म्हणून तो पुरावे पेरतो. त्याला पाडतो तो त्याचा सर्वांत निष्ठावान सहकारी मेन्झीस, अंगावर मायक्रोफोन लपवून. आणि शेवटी कळतं की ज्याच्या घरी खोटा पुरावा ठेवला, त्या माणसानं गुन्हा कबूल केला आहे. अंदाज बरोबरच होता! थोडा धीर धरला असता तर खरा पुरावा मिळाला असता. पैसा न खाणारा अधिकारी म्हणून आपण ज्यांना डोक्यावर घेतो, त्यांच्याकडेही कधीतरी या नजरेनं पाहावं लागतं.

आता मराठीतल्या सर्वांत मोठ्या उदाहरणाकडे येतो. ते आपल्याच जिल्ह्यातलं आहे. इथे बारामतीत कऱ्हेच्या काठी, बाबूजी नाईकांच्या आश्रयाला मोरोपंत पुराण सांगत होते आणि आर्या रचत होते, त्याच काळात पुण्यात घाशीराम सावळदास कोतवाल होता. मोरोपंत १७९४ साली वारले, घाशीराम १७९१ साली मारला गेला. कोतवालाच्या हाती तेव्हा शहराचा बंदोबस्त होता, वजनंमापं होती, रात्रीच्या तोफेनंतर रस्त्यावर फिरणाऱ्याला धरण्याचा अधिकार होता. १७९१च्या ऑगस्टअखेर तेलंगी ब्राह्मणांना त्याच्या बागेतली फळं तोडली म्हणून लहानशा कोठडीत कोंडलं गेलं आणि त्यातले वीसेक जण गुदमरून मेले. मानाजी फाकड्यांनी कुलूप फोडलं तेव्हा प्रेतं बाहेर आली. ब्राह्मणांचा जमाव नाना फडणवीसांच्या दारी बसला. नानांनी कोतवाल त्यांच्या हवाली केला आणि पुण्याच्या लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं.

या माणसावर मराठीत १८६३ सालीच मोरोबा कान्होबांनी पुस्तक लिहिलं. मग १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ उभं राहिलं. दिग्दर्शक जब्बार पटेल, ज्यांनी आपल्या शेजारच्या दौंडला डॉक्टरकी केली. तेंडुलकरांनी ते इतिहासाचं नाटक म्हणून लिहिलं नव्हतं, त्यामुळे नाटकातला घाशीराम आणि दप्तरातला घाशीराम वेगळे ठेवू या. नाटकातला घाशीराम पोटच्या पोरीला, गौरीला, नानांच्या हवाली करतो आणि बदल्यात कोतवाली घेतो. पद विकत घेतलं आहे. मग ते वसूल करायला नको का? म्हणून सगळ्या पुण्याला परवान्याशिवाय श्वास घेणं अवघड होतं.

पण त्या नाटकात खरा लोभी कोण? घाशीराम तर जळतो आहे, अपमानानं आणि नंतर मुलीच्या मृत्यूनं. त्याला पैशापेक्षा सूड हवा आहे. खरा लोभ नानांचा. आणि नाना पडत नाहीत! जमाव दारात येतो तेव्हा नाना एका सहीनं कोतवाल देऊन टाकतात आणि पुन्हा उत्सव सुरू होतो. रहस्यकथांत लोभाचा शेवट होतो तो खालच्या माणसाच्या मरणानं, आणि आपण समाधानानं पुस्तक मिटतो. तेंडुलकरांनी ते समाधान आपल्याला दिलं नाही. पन्नास वर्षं झाली तरी ते नाटक टोचतं ते याच कारणानं. खालचा माणूस स्वतःच्या हातानं मेला हे खरं, पण त्याला तिथे बसवणारा, त्याच्याकडून घेणारा आणि वेळ येताच त्याला सोडून देणारा हात शाबूत राहिला.

हा प्रश्न कथेबाहेर आपल्या कायद्यातही उभा आहे. लाचलुचपतीचा सापळा कसा लागतो हे पाहा. तक्रारदार एसीबीकडे जातो. आधी मागणीची पडताळणी होते, पंचांसमोर, आवाज मुद्रित करून. नोटांचे नंबर पंचनाम्यात लिहिले जातात. नोटांना पावडर लावतात, कुठे फिनॉल्फथॅलिन तर कुठे अँथ्रासीन. एकीनं सोड्याच्या पाण्यात बोटं गुलाबी होतात, दुसरीनं अतिनील दिव्याखाली चमकतात. पण नोटा सापडल्या म्हणून गुन्हा शाबीत होत नाही. मागणी शाबीत व्हावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं डिसेंबर २०२२ मध्ये सांगितलं की तक्रारदार मेला किंवा फितूर झाला तरी परिस्थितीजन्य पुराव्यानं मागणी सिद्ध करता येईल. मागणी मात्र हवीच. कायदा शेवटी त्या माणसाच्या तोंडून निघालेल्या वाक्यावर येऊन थांबतो, आणि लोभी माणसाला ते वाक्य बोलल्यावाचून राहवत नाही. पावडरीची माहिती सर्वांत जास्त कुणाला असते? पोलिसाला. तरीही दरवर्षी सापळ्यांच्या यादीत महसूल आणि पोलीस हीच खाती वर असतात.

पण सापडतं कोण? हातानं नोट घेणारा. २०१८ साली भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती झाली आणि १७-ए हे कलम आलं. अधिकाऱ्यानं आपल्या पदावरून केलेल्या शिफारशीची किंवा निर्णयाची चौकशी करायची तर आधी परवानगी घ्यावी लागते. लाच घेताना जागेवर पकडायला ती लागत नाही. म्हणजे पाच हजार हातात घेणाऱ्याचा रस्ता तुरुंगाकडे सरळ जातो. कागदावर एक सही करून पाच कोटींचं काम फिरवणाऱ्यापर्यंत पोचायला मधे दार आहे. घाशीराम सापडतो. आपल्या थरारकथा या दाराबद्दल फारशा बोलत नाहीत. पापाचा घडा भरतो आणि फुटतो, असं त्या सांगतात, आणि आपणही घडा फुटायची वाट पाहत बसतो.

अलोन्झोला रशियनांनी मारलं, मनोहर लिफ्टमध्ये मेला. पुस्तकात शिक्षा आकाशातून पडावी तशी येते. इंदापूरच्या रस्त्यावर ती तशी येत नाही. इथे कुणीतरी उठून जावं लागतं. आणि जो उठून जातो त्याच्यावर माझ्या पाहण्यात कादंबरी नाही, चित्रपट नाही. भ्रष्ट पोलिसावर आहेत, प्रामाणिक पोलिसावर आहेत. पानवलकरांच्या ‘सूर्य’ कथेवरून आलेला ‘अर्ध सत्य’ हा चित्रपटही पोलिसाच्याच जिवाची घालमेल सांगतो, आणि फार मोठ्या ताकदीनं सांगतो. तक्रारदार मात्र सगळीकडे पहिल्या दहा मिनिटांत येऊन जातो.

माझी इथल्या तरुण लेखकांना विनंती आहे, आणि या सभागृहात ते आहेत हे मला माहीत आहे. त्याच २०१८च्या दुरुस्तीनं लाच देणाऱ्यालाही गुन्हेगार धरलं. मात्र ज्याला देणं भाग पाडलं गेलं, त्यानं सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवलं तर तो गुन्हेगार ठरत नाही. सात दिवस. गाडीमालकाची कादंबरी या सात दिवसांची आहे. सोमवारी त्यानं दुप्पट आकडा दिला. मंगळवारी गाडी भरलीच नाही आणि ड्रायव्हर विचारतोय, का. बुधवारी मेव्हणा सांगतो, सोड, पुढच्या वेळी कमी करून घेऊ. गुरुवारी इंदापूरच्या बाजारात तोच खासगी इसम समोरून येतो, हसून खांद्यावर हात ठेवतो आणि पोराच्या भरतीचं काय झालं ते विचारतो. गाडीमालकाच्या स्वतःच्या गाडीतली वाळूही चोरीचीच आहे, तो काही धुतल्या तांदळासारखा नाही, आणि हे त्याला आणि आपल्याला दोघांनाही ठाऊक आहे. बायको शुक्रवारी पहिल्यांदा विचारते की किती दिले. तो खरा आकडा सांगतो. ती काही वेळानं विचारते, एक हजार चौसष्ट हा नंबर फुकट लागतो का. शनिवार उरतो, रविवार उरतो. त्या दोन दिवसांत तो काय करतो, ते मला वाचायचं आहे. लिहिणाऱ्यानं त्याला देवमाणूस करू नये, आणि साहेबांनाही राक्षस करू नये. आकडे मात्र खरे घालावेत, डिझेलचे, भराईचे, ब्रासचे आणि त्या शेवटच्या रकान्याचेही.